आधी क्षमा, मग सुधारणा : ख्रिस्ती धर्मातील ‘कृपा’ समजून घेताना

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हटली जाते तेव्हा तिच्यात एक ओळ येते : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ पहिल्यांदा ऐकणारा माणूस येथे हमखास अडखळतो, कारण मागायची आहे पापांची क्षमा आणि भाषा मात्र सावकाराच्या वहीतली आहे. येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील पुस्तकांना शुभवर्तमाने म्हणतात. त्यांपैकी लूकच्या शुभवर्तमानात याच प्रार्थनेत ‘पापे’ असा शब्द आहे. मत्तयाने ‘ऋणे’ म्हटले आहे. याचे कारण येशूच्या बोलीत सापडते. तो जी अरामी भाषा बोलत असे तिच्यात ‘होबा’ हा एकच शब्द कर्ज आणि पाप या दोन्ही अर्थांनी वापरला जाई. त्यामुळे त्याच्या श्रोत्यांना पाप म्हणजे केवळ मोडलेला नियम वाटत नसे; कोणाचे तरी देणे थकले आहे, आणि ते फेडण्याची आपली ऐपत नाही, असे ते त्यांच्या कानी पडत असे.

ख्रिस्ती धर्मातील क्षमेची कल्पना समजून घ्यायला या ऋणापासूनच सुरुवात करणे बरे, कारण महाराष्ट्रातील वाचकाला कर्जमाफी म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सरकारने कर्ज माफ केले म्हणजे ते हवेत विरत नाही. शेतकऱ्याच्या खात्यावरील बोजा उतरतो, पण बँकेच्या वहीतील खड्डा कोणाला तरी भरावाच लागतो, आणि तो सरकारी तिजोरीतून भरला जातो. माफी घेणाऱ्याला फुकट मिळते. देणाऱ्याला तिची पुरेपूर किंमत मोजावी लागते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण वधस्तंभाचा अर्थ पुढे याच वाटेने कळणार आहे. मात्र सरकारी कर्जमाफीत आणि ख्रिस्ती कृपेत एक मोठा फरक आहे. कर्जमाफीला निकष असतात, याद्या लागतात, आधार क्रमांक जोडावा लागतो, आणि शेवटी काही जण पात्र तर काही जण अपात्र ठरतात. येशूने सांगितलेल्या माफीत जो स्वतःला पात्र समजून येतो त्याचीच पंचाईत होते. आपण अपात्र आहोत हे ज्याने ओळखले, त्याच्यासाठी दार आधीच उघडलेले असते.

मत्तयाच्या १८व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो की, भावाने अपराध केला तर त्याला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा? पेत्राला वाटत असावे की आपण बराच मोठा आकडा सांगितला. येशू त्याला सातावर न थांबता सत्तरपट पुढे नेतो आणि एक दाखला सांगतो. एका राजाचा चाकर त्याला दहा हजार तालांत देणे लागत होता. हा आकडा आज डोळ्यांखालून सहज निघून जातो, म्हणून थोडा हिशेब करून पाहू. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे साध्या मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे चाकराचे देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके झाले. वर्षातले ३०० दिवस काम धरले, तरी ते फेडायला त्याला दोन लाख वर्षे लागली असती. ग्रीक भाषेत ‘दहा हजार’ हा आकड्यांसाठीचा सर्वांत मोठा शब्द होता आणि तालांत हे पैशाचे सर्वांत मोठे माप. येशूने मुद्दामच दोन्ही एकत्र जोडले आहेत.

आता त्या चाकराचे बोलणे ऐका. तो पाया पडून म्हणतो, मला सांभाळून घ्या, मी सगळे फेडतो. दोन लाख वर्षांचे कर्ज असलेला माणूस मुदतवाढ मागतो आहे! त्याने मागितले हप्ते, आणि राजाने दिली संपूर्ण माफी. तोच चाकर बाहेर पडतो, त्याला शंभर दीनार, म्हणजे तीन-चार महिन्यांची मजुरी, देणे असलेला दुसरा चाकर भेटतो, आणि हा त्याची मानगूट धरून त्याला तुरुंगात घालतो. दुसऱ्याने केलेली विनवणी जवळजवळ याच्याच शब्दांतली आहे, आणि तरीही याला ती ओळखू येत नाही. सहा लाखांत एक एवढेच दोन्ही कर्जांचे प्रमाण आहे. शेवटी राजा त्याला बोलावून पुन्हा शिक्षेला देतो, आणि हा शेवट वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो, कारण दिलेली माफी परत घेतल्यासारखी वाटते. बरेच ख्रिस्ती भाष्यकार त्याचा अर्थ असा लावतात की, ज्याच्या हातून क्षमा पुढे जात नाही त्याने ती मुळात स्वीकारलेलीच नसते. त्याच्या मनात तो अजूनही मुदतवाढ मिळालेला कर्जदारच असतो. हा अर्थ मला पटतो, पण तो दाखल्याचा कडवटपणा पूर्णपणे काढून टाकतो असे मी म्हणणार नाही.

येथवर आपण क्षमा हा शब्द वापरला. आता कृपेकडे वळू. मराठीत ‘देवाच्या कृपेने यंदा पाऊस बरा झाला’ किंवा ‘आपल्या कृपेने सगळे क्षेम आहे’ असे आपण सहज म्हणतो. त्यात वरदहस्त, आशीर्वाद, मर्जी असा अर्थ असतो. बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’ याचाही जुना अर्थ फार वेगळा नव्हता. मर्जी, उपकार, देणगी, कृतज्ञता असे सगळे त्यात येई. ख्रिस्ती धर्माचा पहिल्या शतकातील प्रचारक संत पौल याने आपल्या पत्रांत तो उचलला आणि त्याला एका ठरावीक जागी नेऊन ठेवले : ज्याचा आपल्यावर काहीही हक्क नाही, उलट ज्याने आपले नुकसानच केले आहे, अशा माणसाला स्वतः होऊन दिलेली देणगी. रविवारच्या शाळेत मुलांना याचे एक सूत्र शिकवतात की, जे वाट्याला यायला हवे ते मिळणे हा न्याय, वाट्याला यायला हवी ती शिक्षा न मिळणे ही दया, आणि वाट्याला येऊच शकत नव्हते ते मिळणे ही कृपा. सूत्र लक्षात ठेवायला चांगले आहे, पण त्यात देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. तो पाहायचा असेल तर लूकच्या १५व्या अध्यायापर्यंत जावे लागते.

उधळ्या पुत्राचा दाखला म्हणून ती कथा प्रसिद्ध आहे. येशू जकातदारांच्या आणि पापी समजल्या जाणाऱ्या लोकांच्या पंगतीला बसतो अशी कुरकुर परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक) आणि शास्त्री करतात, त्यावर येशू एकापाठोपाठ एक तीन गोष्टी सांगतो. पहिली हरवलेल्या मेंढराची, दुसरी हरवलेल्या नाण्याची, तिसरी हरवलेल्या मुलाची. पहिल्या दोन गोष्टी आपण घाईने ओलांडतो, पण मेंढरू काही पश्चात्ताप करत नाही, आणि नाणे तर हलूही शकत नाही. धनगर शोधायला निघतो, बाई दिवा लावून घर झाडते. सगळी धावपळ ज्याचे हरवले आहे त्याची आहे. तिसरी गोष्ट ऐकताना हे मनात ठेवले तर ती वेगळीच ऐकू येते.

धाकटा मुलगा बापाकडे आपला वाटा मागतो. बाप जिवंत असताना मुलाने वाटणी मागणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कोणत्याही गावात समजते. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याचे दोन वाटे असल्याने दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश येणार होते. तो ते घेऊन दूर देशी जातो, उधळतो, दुष्काळ पडतो, आणि यहुदी घरातला हा मुलगा डुकरे चारायला लागतो. डुकरांच्या पुढच्या शेंगांनी पोट भरावेसे वाटावे, आणि त्याही कोणी देऊ नयेत, अशी वेळ आल्यावर तो शुद्धीवर येतो आणि मनातल्या मनात एक भाषण तयार करतो. ते तीन वाक्यांचे आहे. बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केले आहे. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची आता माझी लायकी नाही. मला तुमच्या एका मजुरासारखे ठेवा.

तिसरे वाक्य महत्त्वाचे आहे. त्यात एक योजना आहे, आणि ती चाकराच्या हप्त्यांसारखीच आहे : मजुरी करीन, कमावीन, हळूहळू काही तरी फेडीन. माणसाचे मन क्षमेची कल्पना करते तेव्हा बहुतेक वेळा याच क्रमाने करते. आधी चूक कळावी, मग तिची भरपाई व्हावी, वागणे सुधारल्याचा पुरावा मिळावा आणि मग समोरच्याने माफ करावे. यात गैर काही नाही. सगळ्या घरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत हेच चालते.

कथेतला बाप हा क्रम उलटा करतो. मुलगा अजून दूर असतानाच तो त्याला पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो आणि त्याचे मुके घेतो. अजून भाषण झालेले नाही. मुलगा ते सुरू करतो, पहिले वाक्य म्हणतो, दुसरे म्हणतो, आणि तिसऱ्यापर्यंत पोहोचायच्या आत बाप नोकरांना हाका मारू लागतो : उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला. मजुरीची मागणी मुलाच्या तोंडातच राहते. काही प्राचीन हस्तलिखितांत ते तिसरे वाक्य या ठिकाणीही आढळते, पण ते नकलकारांनी आधीच्या भाषणावरून नंतर भरले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. नकलकारालाही मुलाचे बोलणे अर्धवट सोडवले नसेल. जोड्यांनाही अर्थ आहे. गुलाम अनवाणी असत, आणि बापाने जोडे मागवले म्हणजे हा चाकर म्हणून घरात येणार नाही हे सगळ्या वाड्याला कळले.

हाच उलटा क्रम कृपेचा गाभा आहे. मुलाने पश्चात्ताप केला नाही असे नाही. तो परत आलाच आहे. पण घरी यायला निघाला तेव्हा त्याच्या मनात भूक होती आणि मजुरीचा हिशेब होता. आपण अजूनही मुलगाच आहोत हे त्याला बापाच्या मिठीतच कळले. जक्कय नावाच्या जकातदाराच्या बाबतीतही असेच घडले. येशू त्याला झाडावर पाहून सर्वांसमोर सांगतो की, मला आज तुझ्या घरी उतरायचे आहे. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो की, माझी अर्धी मालमत्ता मी गरिबांना देतो आणि ज्याला नाडले त्याला चौपट परत करतो. चौपट परतफेड ही त्या पाहुणचाराची अट नव्हती, ती त्याच्यातून निघाली. पौल हीच गोष्ट रोमकरांस लिहिलेल्या पत्रात थेट म्हणतो : आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला.

दाखल्यात थोरला भाऊही आहे, आणि माझ्या मते कथेचा खरा रोख त्याच्यावर आहे, कारण ऐकणाऱ्यांत कुरकुर करणारे परूशी होते. तो शेतातून येतो, नाचगाण्याचा आवाज ऐकतो आणि आत जायला नकार देतो. बापाला तो म्हणतो की, इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो आहे, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, आणि मला तुम्ही एक करडूसुद्धा दिले नाही. ‘चाकरी’ या शब्दासाठी मूळ ग्रीक क्रियापद गुलामाच्या राबण्याचे आहे. म्हणजे धाकट्याला जे व्हायचे होते, मजूर, ते थोरला घरात राहूनच झाला होता. पुढे तो ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप उत्तर देताना ‘हा तुझा भाऊ’ असे म्हणतो, आणि एका शब्दात तुटलेले नाते परत जोडायचा प्रयत्न करतो. बाप हेही म्हणतो की, जे माझे ते सर्व तुझेच आहे. हे वाक्य केवळ समजूत घालण्यासाठी नाही. धाकट्याचा वाटा संपलेला आहे आणि तो परत भरून दिलेला नाही. म्हणजे जे पुष्ट वासरू कापले ते हिशेबाने थोरल्याच्या वाट्यातले आहे. क्षमेचा खर्च कोणाच्या तरी खात्यातून जातो, ही कर्जमाफीची गोष्ट येथे पुन्हा येते. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तो खर्च देवाने स्वतःवर घेतला, आणि वधस्तंभ ही त्याची जागा आहे. नेमका कोणत्या अर्थाने घेतला, याविषयी मंडळीत शतकानुशतके वेगवेगळी उत्तरे दिली गेली. अकराव्या शतकात कँटरबरीच्या अँसेल्मने ते देवाच्या मानहानीची भरपाई म्हणून मांडले. बाराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत आबेलार्द याने ख्रिस्ताच्या मरणातून दिसलेल्या प्रेमाने माणसाचे मन पालटते यावर भर दिला. पुढे सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांनी न्यायालयाची भाषा वापरून अपराध्याची शिक्षा ख्रिस्ताने सोसली असे सांगितले. आणि फार जुन्या काळापासून पाप व मृत्यू यांच्यावरील विजय अशीही मांडणी होती. यांतली कोणतीही एक पकडली की बाकीच्यांतले काही हातातून सुटते. सामान्य ख्रिस्ती माणूस मात्र या मांडण्यांपेक्षा वधस्तंभावरील दोन प्रसंग अधिक आठवतो. आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांसाठी येशू प्रार्थना करतो की, बापा, त्यांना क्षमा कर, ते काय करत आहेत हे त्यांना कळत नाही. त्यांनी क्षमा मागितलेली नाही, मागायचा त्यांचा विचारही नाही. आणि शेजारच्या वधस्तंभावरचा गुन्हेगार ‘माझी आठवण ठेव’ एवढेच म्हणतो, तर त्याला त्याच दिवशी सुखलोकात असण्याचे वचन मिळते. त्याला सुधारून दाखवायला एक दिवसही उरलेला नव्हता.

हे ऐकल्यावर कोणाही विचारी माणसाच्या मनात शंका येते, आणि ती पहिल्या शतकातच आली होती. क्षमा जर आधीच आहे, तर वागणे सुधारायचे कशाला? पौल स्वतःच हा प्रश्न मांडतो की, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय, आणि मुळीच नाही असे उत्तर देतो. प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधून रोमला आलेला पेलागियस नावाचा साधू तेथील ख्रिस्ती लोकांची ढिलाई पाहून व्यथित झाला होता. त्याच्या कानी ऑगस्टीनची एक प्रार्थना आली, जिचा आशय असा होता की, देवा, तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळही तूच दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. पेलागियस संतापला. माणसाला चांगले वागण्याची शक्ती देवाने जन्मतःच दिली आहे, ती वापरणे त्याचे काम आहे, सगळे देवावर टाकले तर आळशाला चांगलीच सबब मिळेल, असे त्याचे म्हणणे होते. मला त्याच्याविषयी थोडी सहानुभूती वाटते. शिस्तीचा माणूस असाच विचार करतो. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन मात्र स्वतःच्या अनुभवावरून बोलत होता. चांगले काय ते कळूनही ते करावेसे वाटत नाही, इच्छाच आजारी असते, हे त्याने तरुणपणी भोगले होते, आणि आजारी इच्छेला उपदेशाचा उपयोग नाही, औषध बाहेरून यावे लागते, असे त्याचे उत्तर होते. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मपरिषदेने पेलागियसचे मत नाकारले.

अकराशे वर्षांनी हाच वाद वेगळ्या रूपात उफाळला. मार्टिन लूथर हा जर्मन मठवासी आपल्या पापांची कबुली देण्यात तासन्‌तास घालवत असे, आणि तरीही देव आपल्यावर प्रसन्न आहे याची त्याला खात्री वाटत नसे. त्याच सुमारास रोममधील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी जर्मनीत माफीपत्रे विकली जात होती. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. चर्चच्या शिकवणीप्रमाणे या पत्रांनी पापाची क्षमा विकत मिळत नव्हती. क्षमा झाल्यावरही जो दंड मरणोत्तर शुद्धिस्थानात भोगायचा उरतो, त्यात सूट मिळे. पण बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हा फरक समजावून सांगण्यात विक्रेत्यांना फारसा रस नव्हता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी लूथरने याविरुद्ध आपले ९५ मुद्दे पुढे आणले. त्यातील पहिलाच मुद्दा असा आहे की, विश्वासणाऱ्याचे सबंध आयुष्यच पश्चात्ताप असावे अशी ख्रिस्ताची इच्छा आहे. लूथरने फुकटच्या क्षमेचा पुकारा केला आणि पश्चात्ताप मोडीत काढला, असे समजणाऱ्यांनी हे वाक्य वाचावे.

त्यानंतर जे मतभेद ठरले ते थोडक्यात असे. प्रॉटेस्टंट शिकवणीत देव माणसाला केवळ कृपेने, केवळ विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरवतो. चांगली कृत्ये हे त्याचे फळ असते, मूळ नव्हे. कॅथॉलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ मध्ये आपली बाजू मांडली की, आरंभ कृपेनेच होतो, पण कृपा माणसाला आतून बदलते आणि तो तिला साथ देतो, आणि ही कृपा संस्कारांच्या, म्हणजे बाप्तिस्म्यासारख्या धर्मविधींच्या, द्वारे विशेषेकरून मिळते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत न्यायालयाची भाषा तुलनेने कमी आहे; तेथे कृपा म्हणजे देवाचे स्वतःचे जीवन माणसात उतरणे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन जागतिक संघटनेने आणि कॅथॉलिक चर्चने एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि आपल्या गुणवत्तेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, असे दोघांनी मिळून मान्य केले. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण या मुद्द्यावरून एकमेकांना पूर्वी दिलेले शाप आता लागू नाहीत असे दोघांनी म्हटले.

कॅथॉलिक व्यवहारात क्षमेला एक ठरावीक रूप आहे. माणूस धर्मगुरूसमोर आपली पापे स्वतःच्या तोंडाने सांगतो, त्याला त्यांचा मनापासून खेद वाटावा लागतो, धर्मगुरू पापमुक्तीचे शब्द उच्चारतो आणि काही प्रार्थना किंवा भरपाईचे कृत्य नेमून देतो. गोव्यात याला कुमसार म्हणतात. ऐकलेले एक अक्षरही बाहेर सांगण्याची धर्मगुरूला मुभा नाही, जीव गेला तरी नाही. बाहेरच्याला वाटते की येथे एक माणूस दुसऱ्याला क्षमा करतो. चर्चची शिकवण अशी की क्षमा देवच करतो, धर्मगुरू फक्त ती ऐकू येईल अशी करतो. गोव्याच्या कोकणीत कृपेला कुर्पा म्हणतात, आणि मारियेच्या प्रार्थनेत रोज ‘कुर्पेन भरलेले’ असे म्हटले जाते. शब्दाचा उच्चार जिभेवर झिजला आहे, अर्थ तोच आहे.

कृपा आणि ढिलाई यांतला फरक विसाव्या शतकात सर्वांत कठोर शब्दांत सांगितला तो दीत्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने. हिटलरच्या राजवटीत बहुतेक चर्च निमूट होती, तेव्हा १९३७ मध्ये त्याने ‘सवंग कृपा’ असा शब्द वापरला : पश्चात्तापाशिवाय क्षमेचा उपदेश, शिष्य होण्याची तयारी नसताना देवाचा आशीर्वाद. देवाला जिची किंमत मोजावी लागली ती कृपा माणसासाठी सवंग कशी असेल, असा त्याचा प्रश्न होता. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्ग छळछावणीत त्याला फाशी देण्यात आली.

दुसरा गैरसमज क्षमा आणि न्याय यांच्यातला आहे. देवाची क्षमा मिळाली म्हणजे कृत्याचे परिणाम पुसले जातात असे बायबल सांगत नाही. दावीद राजाने आपल्या सैन्यातील उरियाची बायको बळकावली आणि त्याला लढाईत मरायला पाठवले. नाथान संदेष्ट्यासमोर त्याने पाप कबूल केले तेव्हा परमेश्वराने ते दूर केले असे त्याला सांगण्यात आले, पण त्याच्या घरातील दुःखे टळली नाहीत. आपल्या देशातले एक उदाहरण सर्वांच्या आठवणीत असेल. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले आणि बारिपदा येथील कुष्ठरोग्यांचे काम त्या पुढे करत राहिल्या. खटला मात्र चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. क्षमा त्यांच्या हाती होती, शिक्षा कायद्याच्या हाती. क्षमा करा असे सांगून अत्याचार सोसणाऱ्याला गप्प बसवणारे पाळकही असतात, म्हणून ही दोन खाती वेगळी आहेत हे ठासून सांगावेसे वाटते.

मराठी वाचकाला कृपेची कल्पना सर्वस्वी परकी नाही. आपल्या संतांनी विठ्ठलाला ‘पतितपावन’ म्हणून हाक मारली, आणि कवी नारायण वामन टिळक, जे १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, ते स्वतः म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तरी दोन्ही एकच असे घाईने म्हणू नये. ख्रिस्ती श्रद्धा ही कृपा इतिहासातील एका माणसाच्या मरणाशी आणि पुनरुत्थानाशी बांधते, आणि ती गाठ सोडली तर तिचे सांगणेच बदलते.

या कल्पनेचे मराठी भूमीवर काय झाले याचे एक उदाहरण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या होत्या. तेथून त्यांना लंडनमधील फुलहॅमला पाठवण्यात आले, जेथे याच मठाच्या भगिनी समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना आश्रय देत. ज्या स्त्रियांचे नाव घेणेही चांगल्या घरांत वर्ज्य होते त्यांच्याशी इतक्या आपुलकीने वागताना पाहून रमाबाईंनी कारण विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेल्या आणि आता नवरा नसलेल्या पुरुषाबरोबर राहणाऱ्या त्या बाईकडे येशू विहिरीवर पाणी मागतो, तिचे सगळे आयुष्य तिला सांगतो, आणि तरी तिला टाळत नाही. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. गंमत अशी की, पुढे अनेक वर्षांनी त्यांनी लिहिले की, तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. आपल्या पापांची क्षमा झाली आहे हे त्यांना मनोमन पटायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे लागली. संस्कृतावर प्रभुत्व असलेल्या, नियम आणि व्रते यांच्यात वाढलेल्या बाईला फुकट मिळालेले घेणे सोपे गेले नाही, हे मला स्वाभाविक वाटते.

नंतर त्यांनी दौंडजवळ केडगाव येथे मुक्ती मिशन उभे केले. दुष्काळातल्या मुली, विधवा, अंध स्त्रिया यांच्यासाठी तेथे वेगवेगळी व्यवस्था होती. फुलहॅममध्ये पाहिल्या होत्या तशा स्त्रियांसाठीही त्यांनी एक घर बांधले, आणि त्याला नाव दिले ‘कृपा सदन’.